वाक्यातली पाहुणी

प्रिय ठकू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग पत्र ऑफिसच्या पत्त्यावर का आलं म्हणून चिडशील. चीड खुशाल. बाबा ठणठणीत आहेत, माझा डोळाही उत्तम आहे, तेव्हा उभ्या उभ्या फोडू नकोस. दुपारी डबा खाऊन झाला की फोड, म्हणजे पोटात काहीतरी असेल. गेले काही दिवस तुझा फोन नाही. मी केला की वाजून वाजून बंद होतो आणि मग तुझा मेसेज येतो, 'कामात आहे, सगळं ठीक.' अगं, आयुष्यभर शब्दांवर पोट भरलंय मी. तुझ्या 'सगळं ठीक'चा अर्थ मला कोशात बघावा लागत नाही. तू माझ्यावर रागावली आहेस, आणि तुझा राग रास्त आहे हे मला आता कळलंय. रागावलीस त्याचं काही नाही, आजवर काय कमी वेळा रागावलीस? पण तू मला काही सांगणंच सोडून देशील की काय, ह्या भीतीनं जिवाचं पाणी पाणी झालंय. म्हणून लिहायला बसले. मला मेलीला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा जरा दम धर.

आमचा कोश अखेर छापायला निघाला. हो, तोच, ज्याला तू 'आईचं दुसरं मूल' म्हणायचीस आणि बाबा 'घरातली घूस' म्हणतात, कारण तो खोल्यांमागून खोल्या खात गेला. इंग्रजी क्रियापदं एकेकटी असली की गरीब गाई असतात. पुट म्हणजे ठेवणं, टेक म्हणजे घेणं, रन म्हणजे धावणं, शाळेतल्या पोरालाही येतं. पण पुटच्या पाठीशी अप आणि विथ असे दोघं येऊन उभे राहिले की त्याचं होतं खपवून घेणं, आणि ठेवण्याचा तिथे काडीचा संबंध उरत नाही. टेकपुढे अ‍ॅडव्हान्टेज हे नाम आणि त्याच्यामागे ऑफ लागला की झालं गैरफायदा घेणं. हे गोतावळे आपल्या माणसांना उमगत नाहीत, म्हणून त्यांचे मराठी अर्थ देणाऱ्या कोशाचा हा खटाटोप. आमच्या संपादकांचा, म्हणजे तुझ्या भुवईकाकांचा, पहिल्या दिवसापासून एकच हट्ट. उदाहरणाचं वाक्य टेबलाशी बसून बनवायचं नाही. कुणाला तरी गरज पडली आणि त्याच्या तोंडून निघालं, असंच वाक्य आणायचं. त्या भुवया उंचावून म्हणायचे, बाई, बनवलेल्या वाक्याला घामाचा वास येत नाही. आणि आणलेलं वाक्य मग धुऊन घ्यायचं, म्हणजे नाव, गाव, नातं काढून टाकायचं. कुणाची सासू असेल तर तिची 'शेजारीण' करायची, कुणाचा साहेब असेल तर त्याचा 'एक माणूस'. बोलणारा ओळखू येता कामा नये आणि वाक्य मात्र जिवंत राहायला हवं, असा सगळा कारभार.

तर अशी मी वाक्यं गोळा करत हिंडले. बँकेच्या रांगेत हिंडले, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात नळी असताना हातानं खुणा करून कागद मागितला, आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीनं फोनवर म्हटलेलं एक सुरेख वाक्य जिना उतरता उतरता पुटपुटत घरी आणलं, विसरू नये म्हणून. बाबांनी त्या दिवसापासून मला कुणाच्याही घरी न्यायचं बंद केलं. हिला सोबत नेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात चोर घेऊन जाणं, असं ते चारचौघांत सांगायचे आणि मीही हसायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं गं. चोरीला गेलेली वस्तू मालकाकडे कमी होते, वाक्य तर त्याच्याकडेच राहतं, असा माझा वकिली युक्तिवाद होता.

तुला तुझे चॉकलेटी बूट आठवतात? शाळा बदलल्यावरची गोष्ट. नव्या शाळेत सगळं इंग्रजीतून, आणि तू दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी राहून मला म्हणालीस की त्या मुली तुझी टिंगल करतात. पण तू ते म्हणालीस इंग्रजीत. दे मेक फन ऑफ मी. सात वर्षांची पोर, आणि क्रियापद, नाम, त्यामागे ऑफ, सगळं जागच्या जागी! मला असं भरतं आलं म्हणून सांगू. मी तुला पुन्हा म्हणायला लावलं. मग बाबांना हाक मारून त्यांच्यासमोर म्हणायला लावलं. बिस्किट दिलं. टिंगल कशाची करतात हे विचारलं ते बाबांनी, तुझे बूट काढता काढता. बूट मुलांचे होते, दुकानातून मीच आणलेले, टिकाऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबांनीच ते बदलून आणले. पुढे कॉलेजात असताना तू एकदा भर पंगतीत मला विचारलं होतंस, आई, तुला मी हवी आहे की माझं वाक्य? सगळे पोट धरून हसले, मी तर सर्वांत जास्त. तेव्हापासून घरी कुणी आलं की ती गोष्ट मीच रंगवून सांगते. म्हणजे सांगायचे.

आता मागच्या थंडीतलं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्या गावी करायचं ठरलं, कारण तिथला डॉक्टर चांगला आणि तुझी सोय. बाबा दोन दिवस राहून परतले, त्यांना स्वतःच्या उशीशिवाय झोप येत नाही. मला तू तुझ्या अभ्यासाच्या खोलीत ठेवलंस, खिडकीला जाड पडदे लावलेस, थेंबांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे धागे बांधलेस, म्हणजे मला हातानं ओळखता याव्यात. थेंब घालताना तू माझी हनुवटी धरायचीस आणि म्हणायचीस, वर बघ, वर बघ, झालं, शहाणी माझी. मीच तुझी पोर झाले होते. डॉक्टरनं वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही, मनाला त्रास करून घ्यायचा नाही असं बजावलं होतं, आणि तू ते शेवटचं सगळ्यांत मनावर घेतलंस. मला वाटलं, कोडकौतुक चाललंय. तू काय काय माझ्यापर्यंत पोचू देत नव्हतीस, हे मला तेव्हा समजलं नाही असं लिहावंसं वाटतंय. पण ते खरं नाही.

वाचायला बंदी म्हटल्यावर राहिले फक्त कान. माझ्या पलंगाच्या डोक्याशी जी भिंत होती, तिच्या पलीकडे तुमचं स्वयंपाकघर. जावईबापू संध्याकाळी आले की आधी माझ्या दारात येऊन तब्येत विचारायचे, अगदी गोड आवाजात, आणि मग तिकडे जायचे. तुमची दोघांची घरातली भाषा इंग्रजीच, कारण त्याची भाषा तुला येत नाही आणि तुझी त्यानं शिकून घेतली नाही. लग्नाच्या वेळी मी मैत्रिणींना ऐटीत सांगितलं होतं की आता मला उदाहरणांची ददात नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

तुम्ही भांडत होता असं म्हणणंही बरोबर नाही, भांडायला दोन आवाज लागतात. त्याचा आवाज मोठा नसायचा, पण सारखा असायचा, गळक्या नळासारखा. तू थोडंच बोलायचीस आणि दबक्या आवाजात बोलायचीस. बोलणं सुरू व्हायच्या आधी तू शेगडीवरचा धूर ओढणारा तो पंखा लावायचीस, फोडणी नसली तरी. पंख्यामुळे काय व्हायचं, वाक्याचा पुढचा भाग कळायचा आणि शेपूट बुडायचं, आणि माझं सगळं घोडं तर शेपटाशीच अडलेलं. विथ होतं की फॉर, ऑन होतं की टू, काही कळेना. मी अंथरुणात चरफडत राहायचे. मग एके दिवशी सकाळी थेंब घालताना मी तुला म्हटलं, बाळा, तो पंखा संध्याकाळी फार घुमतो गं, माझं डोकं ठणकतं. तू लगेच म्हणालीस, अगं मग आधी नाही का सांगायचंस? त्या संध्याकाळपासून तू पंखा लावला नाहीस. ठकू, माझं डोकं ठणकत नव्हतं. एकदाही ठणकलं नाही.

हे लिहून मी उठले होते, पाणी प्यायले आणि पुन्हा बसले. बाबांनी विचारलं, झालं का लिहून? म्हटलं, अजून अर्धीही कबुली झाली नाही.

लिहायची बंदी होती, म्हणून मी मोबाइल पांघरुणात घेऊन वाक्यं त्यात बोलून ठेवायचे, हळूच, माझ्या आवाजात. यू टॉक्ड मी आउट ऑफ दॅट पोस्टिंग. म्हणजे तुला मिळालेली ती मोठी नेमणूक, जी 'मलाच नको वाटली' असं तू आम्हाला सांगितलं होतंस, ती त्यानं तुझं मन वळवून सोडायला लावली होती. हे मी ऐकलं, आणि पांघरुणात काय म्हटलं असेन? टॉक, मध्ये माणूस, मग आउट ऑफ, छान, हे आपल्याकडे नव्हतं. आय हॅव रन आउट ऑफ एक्स्क्यूजेस फॉर यू. तुझ्यासाठी लोकांना सांगायच्या सबबी आता माझ्याकडे संपल्या. ह्यावर तर मी स्वतःशीच मान डोलावली. कोणत्या लोकांना, कसल्या सबबी, माझ्या मुलीला का पुरवाव्या लागतात, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. म्हणजे आला असेल, दारापर्यंत आला असेल, पण मी म्हटलं, थांब जरा, मला आधी हे टिपू दे. अजून काय सांगू. घरी आल्यावर मी ते सगळं लावून ऐकलं, बाबा शेजारी पेपर वाचत होते. माझ्याच तोंडून तुझी वाक्यं एकामागून एक येत होती, आणि मी फक्त शेवटचे शब्द स्पष्ट आलेत की नाही ते तपासत होते.

आणि एक वाक्य निघायच्या आदल्या दिवशीचं. त्या दिवशी तो कशावरून तरी तुझ्या ऑफिसातल्या माणसांवर घसरला होता. मग तू इतक्या हळू बोललीस की मी श्वास रोखून धरला. तू म्हणालीस की माझी आई इथे आहे ह्याचा तू गैरफायदा घेतो आहेस, तुला माहीत आहे मी आवाज चढवणार नाही. इंग्रजीत ते वाक्य असं बिनचूक आलं होतं, टेकिंग अ‍ॅडव्हान्टेज ऑफ, आणि त्याच्यापुढे 'माय मदर बीइंग हिअर'. अ‍ॅडव्हान्टेज ऑफच्या पुढे नुसती वस्तू किंवा माणूस न येता अख्खी परिस्थिती येते, ह्याचं उदाहरण भुवईकाका किती दिवस मागत होते! मी आनंदानं पांघरुणात पाय आपटले गं. भिंतीच्या पलीकडे तू माझ्यासाठी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होतीस आणि अलीकडे मी पाय आपटत होते.

घरी येऊन मी ती वाक्यं धुतली. नियमच आहे. तुझ्या नेमणुकीची 'सहल' केली, तुझ्या सबबींमधला 'यू' काढून 'माझा भाऊ' घातला. आणि त्या शेवटच्या वाक्यात 'माझी आई' होती, तिची केली 'पाहुणी'. द गेस्ट. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मी मलाच त्या वाक्यातून पुसून टाकलं आणि पुढच्या अक्षराकडे वळले. तेव्हा पुट अप विथला मराठीत काय म्हणायचं ह्यावरून माझी नि भुवईकाकांची जुंपली होती. ते म्हणत होते सहन करणं, मी म्हणत होते सहन करणं फार जड होतं, माणसं पंख्याचा आवाज, शेजाऱ्याचा कुत्रा, चहातली कमी साखर चालवून घेतात, त्याला सोसणं कशाला म्हणायचं? शेवटी माझं म्हणणं राहिलं. कोशात तुला 'चालवून घेणे' असंच सापडेल. खाली वाक्य तुझं होतं.

मागच्या आठवड्यात शेवटची प्रुफं आली. कोशात सगळं वर्णानुक्रमानं असतं, त्यामुळे तुझी वाक्यं एकमेकांपासून पार लांब फेकली गेली होती, कुणी कितीही वाचली तरी त्याला सुगावा लागणार नाही. आर अक्षर तपासून संपवलं, एसही झालं. टीमध्ये टेक आलं, टेकखाली अ‍ॅडव्हान्टेज, आणि तिथे ती पाहुणी बसलेली. मी नेहमीच्या सवयीनं शब्दाशब्दावर पेन्सिल टेकवत चालले होते. पेन्सिल 'पाहुणी'वर आली आणि पुढे सरकेना. कुठली पाहुणी? कुणाकडे आलेली? मग माझं मलाच आठवलं, अगं बाई, ही तर मी. आणि ते बोलणारी कोण, आणि कोणाला बोलत होती, आणि किती हळू बोलत होती, सगळं एकदम आलं. मी मागे गेले. एका अक्षरातून तुझं एक वाक्य काढलं, दुसऱ्यातून दुसरं, आणि पानांच्या चळती जमिनीवर तुझ्या त्या तीन आठवड्यांच्या क्रमानं मांडत गेले. जगात दुसऱ्या कुणालाही ते जमलं नसतं. दुपारचा चहा तसाच गार झाला. आधीच्या दिवशी काय, नंतरच्या दिवशी काय, कुठल्या वाक्यानंतर तू गप्प झालीस, सगळं मला तोंडपाठ होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच मी हातात धरून बसले होते.

बाबा खोलीत आले तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. डोळ्याला काही झालं का म्हणून ते घाबरले. मी त्यांना वाक्यं वाचून दाखवली, धुतलेली नव्हे, मूळची. त्यांचं इंग्रजी बेताचं, काही ठिकाणी मला मराठी करून सांगावं लागलं, आणि मी 'चालवून घेते आहे' म्हटलं तर ते म्हणाले, असं म्हणाली नसेल ती, सोसते आहे म्हणाली असेल.  एवढं बोलून ते उठले, मला वाटलं संतापून बाहेर चालले. पण ते तुझ्या खोलीतल्या प्रुफांच्या चळती उचलायला लागले. सगळ्या चळती जिन्याखाली नेल्या, पलंग मोकळा केला, कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले आणि खिडकीची ती अडकणारी कडी तेल घालून नीट केली.  

दुसऱ्या दिवशी मी भुवईकाकांकडे गेले आणि तुझी सगळी वाक्यं कोशातून काढा म्हणून सांगितलं. ते उसळलेच. छपाई तोंडावर आलीय, एवढी रिकामी जागा कशानं भरू, बनवलेली वाक्यं घालू का, असं त्यांचं सुरू झालं. मी म्हटलं, जागा मोकळी सोडा, नाहीतर माझं नाव पहिल्या पानावरून काढा, पण ही माझ्या मुलीची आहेत आणि मी तिला विचारलेलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, बाई, मीही इतकी वर्षं 'हे कुणाचं' म्हणून तुम्हाला कधी विचारलं नाही. वाक्यं निघाली. निघता निघता मला एक गोष्ट दिसली ती तुला सांगते. स्टँड अप फॉर, म्हणजे कुणाची तरी बाजू घेऊन उभं राहणं, ह्या नोंदीखाली पहिल्यापासूनच वाक्य नव्हतं. तुझ्या घरून मी एवढी वाक्यं आणली, पण ते आणलं नाही, कारण तिथे ते कुणी बोललंच नाही. भिंतीच्या अलीकडे बोलायला एक माणूस होतं, पण ते पांघरुणात तोंड घालून पडलं होतं.

तुझ्या संसाराचं तू काय करावंस हे मी सांगणार नाही. सोड म्हणत नाही, धर म्हणत नाही, तेवढा अधिकार मी माझ्या हातानं घालवलाय. मी हे सगळं ऐकलं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं, नाहीतर उद्या तू दुकानात कोश उघडशील आणि स्वतःलाच भेटशील. आता तसं होणार नाही. तरीही कळायला हवं होतं. फोनवर हे सांगायचं धाडस झालं नाही. फोनवर तू 'तसं काही नाही गं' म्हणशील, आणि मी ऐकत बसेन. ऐकत बसण्याची सवय वाईट.

आणि आता खरं काय ते. गेल्या सोमवारी दुपारी तू ऑफिसातून फोन केलास. इकडचं तिकडचं बोललीस, बाबांचा गुडघा विचारलास, आणि मग म्हणालीस, आई, मी थोडे दिवस येऊ का? साधं मराठी वाक्य. त्यात टिपण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते माझ्या एका कानातून आत आलं आणि दुसऱ्यातून बाहेर गेलं. मी म्हटलं, अगं आत्ता कुठे, शेवटची प्रुफं आलीयेत, तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, पुढच्या महिन्यात निवांत ये. तू म्हणालीस, हो हो, काही घाई नाही. लग्न झाल्यापासून तू कधी 'येऊ का' म्हणून विचारलं नव्हतंस, नेहमी 'येतेय' म्हणून सांगायचीस, आणि तरी मला कळलं नाही. टीमधली पाहुणी मला त्यानंतर दोन दिवसांनी भेटली. तेव्हापासून मी त्या फोनचं उत्तर पुन्हा पुन्हा देते आहे, भांडी घासताना, केस विंचरताना, आणि ऐकायला कुणी नाही. खोली रिकामी आहे. पलंगावर तुझी निळी चादर घातलीय. पुढचा महिना नको, रविवार नको, आधी कळवायला नको, ह्या पत्राचं उत्तर नको. मी काही विचारणार नाही, तू सांगशील तेव्हा कान देईन, आणि मोबाइल बाबांच्या खिशात असेल. तू विचारलं होतंस ना? ये, ठकू. आज निघ.

तुझीच, आणि आता पाहुणी नव्हे,
आई